साहेब, एक दिवस माझ्या सीटवर बसा

चाकण, भोसरी, तळेगावात आणि देशात जिथे जिथे गाड्यांच्या सीट आखल्या जातात तिथल्या इंजिनीअर साहेबांस आणि मॅडमना, तसेच कुठल्या मॉडेलमध्ये काय द्यायचं आणि काय काढून घ्यायचं हे ठरवणाऱ्या त्यांच्या वरच्या साहेबांस,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, माझी कंबर.

तुम्ही मला ओळखत नसाल, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी विमानतळावर सोडलं आहे. पहाटे अडीचला मोशी, वाकड नाहीतर प्राधिकरणातून उचलायचं आणि साडेसहाच्या आत मुंबईत टर्मिनल दोनला पोचवायचं. तुम्ही मागे बसता, बूट काढता आणि उर्से टोलनाका यायच्या आत झोपता. जाग येते ती पनवेलच्या पुढे. मग मान मोडत म्हणता, "काका, सीट जरा कडकच आहे हो तुमच्या गाडीची."

साहेब, गाडी माझी आहे. सीट तुमची आहे.

मी १९९४ साली मुंबईत मामाच्या पद्मिनीवर स्टिअरिंग धरलं. काळी-पिवळी, गिअर स्टिअरिंगपाशी, आणि पुढे एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सलग बाकडं. आत स्प्रिंगा आणि काथ्या. मामाच्या बुडाखाली त्या बाकड्याला पडलेला खड्डा माझ्या मापाचा नव्हता, त्यामुळे पहिले सहा महिने मी एका अंगावर कलूनच मुंबई पाहिली. मामा पाठीमागे टॉवेलची घडी ठेवायचा. मला वाटायचं, घाम टिपायला असेल. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, तेव्हा लोक हळहळले, फोटो काढले. मीही हळहळलो, नाही म्हणत नाही. पण हळहळणाऱ्यांत त्या बाकड्यावर बारा-बारा तास बसलेले किती होते, हा प्रश्न मनात आलाच.

एक्स्प्रेसवे झाल्यावर मी पुण्याला आलो. तेव्हापासून धंदा एकच, पुणे–मुंबई विमानतळ–पुणे. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, सात ते आठ तास सीटवर, आणि मधला वेळ पार्किंगमध्ये, तोही सीटवरच. आठवड्याला पाच फेऱ्या धरा. या हिशेबात मी बायकोजवळ कमी आणि तुमच्या फोमवर जास्त आयुष्य काढलं आहे.

२०१९ च्या पावसाळ्यात टर्मिनलवर एका कुटुंबाच्या बॅगा डिकीतून काढत होतो. तेवीस-तेवीस किलोच्या, तोलून भरलेल्या. दोन निघाल्या. तिसरी उचलताना कमरेत कुणीतरी तापलेली सळई घातल्यासारखं झालं आणि मी डिकीत डोकं घालून तसाच ओणवा राहिलो. सरळ होता येईना, खाली बसता येईना. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवत होते. बॅगवाल्या ताईंनीच शेवटी हाताला धरून मला सीटवर बसवलं. त्याच सीटवर. परत पुण्याला कसा आलो ते घाटातल्या देवीला माहीत. पुढे सहा आठवडे गाडी दारात उभी होती. हप्ता काही उभा राहत नाही.

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, "मणक्यात गॅप आहे." आमच्या स्टँडवर हे वाक्य कुणाला नवीन नाही. दहा ड्रायव्हर उभे केलेत तर चौघांच्या शर्टाखाली पट्टा निघेल, आणि प्रत्येक जण सांगेल, गॅप आहे. मी तेच घरी येऊन सांगितलं. थोरली तेव्हा शाळेत होती, आता फिजिओथेरपीची इंटर्नशिप करते. अलीकडे तिने ती जुनी फिल्म काढून पाहिली आणि हसली. "बाबा, गॅप वाढलेली नाही, उलट कमी झालीय. दोन मणक्यांमधली चकती दबून मागे फुगलीय, आणि मागे पायाची नस असते." म्हणून पोटरीत मुंग्या. म्हणून क्लच दाबताना डावा पाय परका वाटायचा.

तिने मला जे समजावलं ते तुमच्यातल्या जाणकारांना पाठ असेल. तरी सांगतो, कारण गाडीत ते कुठे दिसत नाही. माणूस उभा असतो तेव्हा कंबर आत वळलेली असते. बसला की खुबा मागे लोळतो आणि ती कमान सपाट होते. चकती पुढून चेपते, मागे सरकू पाहते, मागचे बंध ताणून सैलावतात. तीन तास असं बसून उतरल्यावर ते सैलावलेले बंध लगेच जागेवर येत नाहीत. आणि नेमकं तेव्हाच आम्ही वाकून तेवीस किलो उचलतो. वीस वर्षं मी हेच करत आलो आणि दोष द्यायचो बॅगेला.

स्वीडनमध्ये डॉक्टर नाखेमसन म्हणून होते. त्यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. उभं राहण्यापेक्षा पोक काढून बसलं की दाब जास्त, हे त्यात दिसलं. १९७४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडीच्या सीटवर तोच प्रयोग केला. पाठ थोडी मागे कलती ठेवली आणि कमरेच्या वळणात आधार दिला, तर दाब उतरतो. १९७४, साहेब. मी गाडी शिकायच्या वीस वर्षं आधी तुमच्या धंद्याला हे माहीत होतं. मामालाही माहीत होतं, फक्त त्याच्याकडे सुई नव्हती, टॉवेल होता.

आता तुमच्यातल्याच एकांची गोष्ट. नाव सांगत नाही, त्यांच्या नोकरीला धक्का नको. दोन वर्षांपूर्वी एक साहेब उलटी लागते म्हणून पुढे, माझ्या बाजूला बसले. माझी टॉवेलची घडी बघून विचारलं, मी सांगितलं, आणि मग खंडाळ्यापासून कळंबोलीपर्यंत ते थांबलेच नाहीत. ते सीटच बनवतात! वीस वर्षांत पहिल्यांदा ज्याला शिव्या घालायच्या तो माणूस शेजारी बसला होता, आणि माणूस इतका भला की शिवी तोंडातून निघेना.

त्यांनी सांगितलं की सीट मापायला एक पुतळा असतो. लोखंडी सांगाडा, वर कवच, वजन ७६ किलोच्या आसपास. तो सीटवर बसवतात आणि त्याच्या खुब्याचा बिंदू कुठे येतो त्यावरून सगळी गाडी आखतात. स्टिअरिंग, पेडल, आरसा, सगळं. जगभर हाच पुतळा. मी विचारलं, त्याची पाठ कुणाची? ते म्हणाले, सरासरी अमेरिकन पुरुषाची. मी पाच फूट तीन इंच, साहेब. माझी थोरली जेमतेम पाच फूट. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने भारतीय माणसांची मापं १९९७ सालीच छापून ठेवली आहेत, हेही त्यांनीच सांगितलं. पुतळा मापायलाच आहे, तो चुकीचा नाही, असंही म्हणाले. माणसांना आपापल्या मापाने सरकता यावं म्हणून तर सीटला उंचीची खटकी असते.

मी म्हटलं, माझ्या सीटला दाखवा कुठे आहे खटकी.

त्यांनी खाली वाकून पाहिलं. नव्हती. पिवळ्या पाटीच्या मॉडेलला ती देत नाहीत. तीच गाडी, तोच पत्रा, पण टूर व्हेरियंट म्हणून जी येते तिच्यात सीट पुढे-मागे होते आणि पाठ कलते, बस्स. उंची नाही, कमरेचा आधार नाही, डोक्याची उशी पाठीतच शिवलेली. ती उशी माझ्या उंचीच्या माणसाच्या डोक्याला मागून ढकलते आणि दिवसभर मी पायात काही पडलंय का बघितल्यासारखा बसतो. हौसेने रविवारी गाडी काढणाऱ्याला खटकी, आणि रोज आठ तास बसणाऱ्याला नाही. हा न्याय कुठल्या मीटिंगमध्ये ठरला, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे.

ते साहेब ओशाळले. म्हणाले, "आम्ही यादीत घालतो हो. कॉस्टिंगवाले काढतात."

खटकी नसली की काय होतं ते सांगतो. बॉनेट दिसावं म्हणून मी खाली चादरीची घडी टाकतो. त्याने बूड वर येतं, पण सीटच्या पाठीला जो काही थोडाफार फुगवटा दिलेला असतो तो आता कमरेला न लागता ढुंगणाला लागतो. मग त्याच्या वर टॉवेल. मग मांड्या हवेत, कारण बसायची गादी आधीच आखूड. ती आखूड का, तेही कळलं: गादी दोन बोटं कापली की मागच्या माणसाला पायाला जागा जास्त दिसते, आणि शोरूममध्ये गिऱ्हाईक आधी मागे बसून बघतं. बसतं किती वेळ? दहा मिनिटं. दहा मिनिटांत मऊ फोम छान वाटतो. तिसऱ्या तासाला तोच फोम बसलेला असतो आणि खालची पट्टी कुठे आहे ते न बघता सांगता येतं.

पेडलचं तर विचारूच नका. उजव्या हाताच्या गाडीत पुढच्या चाकाचा फुगवटा पायांपाशी आत येतो, म्हणून लहान गाड्यांत पेडल डावीकडे ढकललेली असतात. छाती स्टिअरिंगसमोर, पाय शेजाऱ्याकडे, आणि मधे कंबर पिळलेल्या धुण्यासारखी. डावा पाय ठेवायला धड जागा नसते, तो क्लचवर नाहीतर क्लचखाली दुमडून.

आणि एक गंमत. ही त्या साहेबांनी मोबाईलवर आकडेमोड करून दाखवली, मी आयुष्यात विसरणार नाही. काँक्रीटच्या रस्त्याला आपल्याकडे साधारण साडेचार मीटरवर सांधा असतो. आमच्या पिवळ्या पाटीच्या गाड्या गव्हर्नरने ८० वर बांधलेल्या. ८० च्या वेगाला सेकंदात बावीस मीटर. म्हणजे सेकंदाला जवळजवळ पाच सांधे, पाच ठोके. आणि बसलेल्या माणसाचा कणा, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, सेकंदाला चार ते सहा ठोक्यांनाच सगळ्यात जास्त हलतो. झोक्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसं. साधी फोमची सीट त्या पट्ट्यात धक्का खात नाही, उलट थोडा वाढवते. रस्ता नवा आणि सांधे नीट भरलेले असले तर जाणवत नाही, पण उखडलेल्या लेनमध्ये मला ते रोज मोजता येतं. सरकारने वेग बांधला, रस्तेवाल्याने सांधा बांधला, तुम्ही सीट बांधली. तिघांनी एकमेकांना न विचारता माझ्या मणक्याची फ्रिक्वेन्सी बरोब्बर गाठली.

थोरली म्हणते, युरोपात २००२ साली यावर नियम आला. कामगाराच्या अंगात आठ तासांत किती थरथर जावी त्याला आकडा आहे. ०.५ च्या वर गेली तर मालकाने उपाय सुरू करायचे, १.१५ च्या वर कामच नाही. जर्मनीत तर पाठीच्या डॉक्टरांनी तपासून सीटला शिक्का द्यायची पद्धत आहे, ओपेलच्या काही गाड्यांच्या सीटना तो मिळालेला आहे. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप आलं, गाड्यांना तारे मिळू लागले. चांगलं झालं. आपटलो तर किती वाचेन ते आता कळतं. न आपटता रोज जे मोडतंय त्याला तारा नाही.

तुम्ही म्हणाल, काका, तुम्हीच नीट बसत नाही. खरं आहे! बरंचसं माझंच चुकत होतं. मागच्या खिशात बिलं, लायसन्स, सुटे पैसे भरलेलं जाडजूड पाकीट ठेवून मी पंचवीस वर्षं एका बाजूला उंच बसलो. आता ते दारातल्या कप्प्यात असतं. सीट इतकी मागे असायची की क्लच पूर्ण दाबताना बूड घसरायचं. आता गुडघ्यात थोडा वाक राहील इतकी पुढे घेतो, पाठ काटकोनापेक्षा जरा मागे, आणि टॉवेलची गुंडाळी पँटच्या पट्ट्याच्या किंचित वर. आरसा पहाटे ताठ बसून लावतो. लोणावळ्यात मागची काच दिसेनाशी झाली की समजायचं, आरसा हलला नाही, आपण खचलो. आरशाला हात लावायचा नाही, आपण वर सरकायचं. ही युक्ती थोरलीची, आणि सगळ्यात उपयोगी हीच. फूड मॉलला तुम्ही झोपेत असलात तरी मी पाच मिनिटं थांबतो, मागे वाकतो, दोन चकरा मारतो. तुम्हाला वाटतं, काका बिडी ओढायला उतरले. टर्मिनलला पोचल्यावर आधी गाडीभोवती एक फेरी, मग डिकी. त्या फेरीत काही साहेबांचा जीव वरखाली होतो, "काका, चेक-इन बंद होईल." होऊ दे.

मण्यांची गादीही वापरून पाहिली. वारा खेळतो, घाम कमी, बाकी कण्याला काही नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एकाकडून सीट उसवून नवा फोम भरून घेतला. त्याने मनापासून इतका भरला की छपराला डोकं लागायला लागलं. पुन्हा अर्धा काढायला लावला. ज्यांच्या गाडीत सीटच्या कुशीत एअरबॅग आहे त्यांनी असले उद्योग करू नयेत, जाड रेक्झिनचं कव्हरही शिवून घेऊ नये, बॅग उघडायची वाट बंद होते. माझ्या मॉडेलमध्ये ती भीती नाही, कारण ती बॅगही नाही.

हे सगळं करून माझी कंबर आज सत्तर टक्के ठीक आहे. पण टॉवेल हा काही सीटचा भाग नव्हे. लाखो रुपये मोजून मी गाडी घेतली, तीत टचस्क्रीन किती इंचाचं ते पत्रकावर मोठ्या अक्षरात होतं. बसायची गादी किती लांब, पाठीला आधार किती उंचीवर, सीट खालीवर होते की नाही, यातलं एक अक्षर नव्हतं. बूट घेताना नंबर विचारतात हो.

मागणं फार नाही. पिवळ्या पाटीच्या मॉडेलला उंचीची खटकी आणि कमरेचा आधार द्या, आणि ते काढायचे असतील तर आधी पांढऱ्या पाटीच्या मॉडेलमधून काढा. बघू किती दिवस टिकतं. गादीचं माप पत्रकावर छापा. आणि सीट पास करण्याआधी ती पुतळ्याबरोबर एखाद्या पाच फूट दोन इंचाच्या ड्रायव्हरला आणि एखाद्या ड्रायव्हरणीला आठ तास द्या. लॅबमध्ये नको, खोपोलीच्या उतारावर, मे महिन्यात.

दिल्लीच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाला आणि गाड्या तपासून पास करणाऱ्या आमच्या पुण्याच्या एआरएआयलाही हे वाचायला लागू नये अशी इच्छा आहे, पण लागेलच. १९६६ सालची ही संस्था, टेकडीलासुद्धा लोक तिच्याच नावाने ओळखतात. पहाटे तिथे फिरायला येणाऱ्यांत कंबरदुखीवाले किती, हे तिथल्या साहेबांना दारातूनच मोजता येईल. साडेतीन टनांवरच्या ट्रकच्या केबिनला १ ऑक्टोबर २०२५ पासून एसी बंधनकारक झाला. तेव्हाही खर्च वाढेल अशी ओरड झालीच. तरी नियम झाला, कारण कुणीतरी मान्य केलं की केबिन ही माणसाची कामाची जागा आहे. माझी सीटही तीच आहे. मोटार वाहतूक कामगारांना दिवसाला आठ तास असा कायदा १९६१ सालीच झाला, पण मी स्वतःच मालक नि स्वतःच नोकर, माझे तास मोजणार कोण? तास मोजता येत नसतील तर निदान सीट मोजा.

आणि तुमच्यासाठी एक आमंत्रण. कुणीही एकाने यावं. तुमच्या कंपनीची सगळ्यात स्वस्त टूर गाडी घेऊन या. पहाटे अडीचला वाकडच्या पुलाखाली भेटू. चालवायचं तुम्ही. मी मागे बसतो, बूट काढतो आणि झोपतो. टर्मिनल दोनला बॅगा तुम्ही उतरवायच्या, पार्किंगमध्ये दोन तास बसायचं, आणि सकाळच्या गर्दीत चांदणी चौकापर्यंत परत आणायचं. चहा-नाश्ता माझ्याकडून.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पुणे–मुंबई विमानतळ मार्गावरचा एक चालक

ता. क. येताना आपापला टॉवेल आणावा. माझा मी देणार नाही.